गायकांना स्किटमध्ये उभं करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाईट लाइव्ह' या टीव्हीवरच्या विनोदी स्किटच्या कार्यक्रमावर छोटा मजकूर आला होता. त्यात एक ओळ अशी होती की हल्ली तिथे पॉप गायक होस्ट पण होतात (म्हणजे त्या भागाची सूत्रं सांभाळून स्किटमध्येही कामं करतात) आणि गातात पण, कारण त्यात अल्बमची फुकट जाहिरात होते. बस, एवढंच, एका ओळीत विषय संपवला. मला ती ओळ खूप लागली आणि तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे मला एवढं का लागलं ते कळेल. मी मिरजेची, २२ वर्षं ऑर्केस्ट्रात गायले, आणि त्यातली बरीच वर्षं गाणं आणि निवेदन दोन्ही केलं. गावोगावच्या यात्रा, गणपती, साखर कारखान्यांचे कार्यक्रम, सीमेपलीकडे अथणी-चिकोडीपर्यंत सुपाऱ्या असायच्या. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला लावतोय, कीबोर्डवाला वायर शोधतोय, आणि समोर तीन हजार माणसं शांत बसलीयत, ती दीड-दोन मिनिटं मी एकटी माईकवर. तिथे किस्सा सांगायचा, नक्कल करायची, लोकांना हसवायचं आणि हसू ओसरायच्या आत पुढच्या गाण्याची पट्टी डोक्यात धरून आलाप सुरू करायचा. हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत की या दोन कामांमध्ये श्वास कसा सांभाळावा लागतो. आणि मला एका आयोजकाने तोंडावर सांगितलं होतं की बाई तुम्ही फक्त गा, विनोदाला आम्ही दुसरा माणूस बोलावतो. तो माणूस आला नाही, निवेदन मीच केलं, पाकीट मात्र एका गायिकेचंच मिळालं. जाऊ दे, जुनी गोष्ट झाली, पण गाणाऱ्याने गावं आणि हसवणाऱ्याने हसवावं ही वाटणी लोकांच्या डोक्यात किती पक्की बसलीय ते तेव्हा कळलं, आणि तुमच्या त्या ओळीत मला तीच वाटणी दिसली.

तर गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी मुलीकडे न्यू जर्सीला होते. या कार्यक्रमाची तिकिटं विकत मिळत नाहीत, ऑगस्ट महिन्यात ईमेल पाठवायचा आणि मग लॉटरी लागली तर लागली. आमची काही लागली नाही. म्हणून १८ ऑक्टोबर २०२५ ला, शनिवारी रात्री साडेअकराला आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. त्या दिवशी होस्ट होती सब्रिना कार्पेंटर आणि गाणारीही तीच. मुलगी म्हणाली, "आई, आजची तारीख बघ. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १८ ऑक्टोबर १९७५ ला, याच कार्यक्रमाच्या दुसऱ्याच भागात पॉल सायमन होस्ट होता आणि तोच गायला होता." मी चाटच पडले. ११ ऑक्टोबरला कार्यक्रम सुरू झाला आणि आठवड्यातच त्यांनी सूत्रं गायकाच्या हातात दिली, म्हणजे हे हल्लीचं फॅड अजिबात नाहीये, हे त्या कार्यक्रमाच्या जन्मापासूनचं आहे! आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पन्नाशीचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा सुरुवातीला स्टेजवर कोण होतं, तर हेच दोघं, त्र्याऐंशी वर्षांचा सायमन आणि पंचविशीतली सब्रिना, एका गाण्यात.

सायमनचा तो १९७५ चा भाग म्हणजे खरं तर गाण्याची मैफलच होती, त्याचा जुना जोडीदार गायक आर्ट गारफंकल आला होता, रँडी न्यूमन, फीबी स्नो गायले, विनोद अगदी चवीपुरता. पण पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत होस्ट म्हणून आला, थँक्सगिव्हिंगचे दिवस होते, आणि त्याला टर्की पक्ष्याचा पिसांचा अख्खा वेष घालून स्वतःचं गंभीर गाणं म्हणायला उभं केलं. तो गाता गाता मध्येच थांबतो आणि मला हे असं उभं राहणं बरं वाटत नाहीये असं म्हणतो. मला ते बघताना हसू तर आलंच, पण मी त्याचा सूर ऐकत होते. पिसांच्या त्या ओझ्याखाली त्याचा सूर एक श्रुतीसुद्धा हललेला नाही. गाणं इतकं नीट गातो म्हणूनच तो वेष एवढा हसू आणतो, गाणंही वेंधळं केलं असतं तर सगळंच पाणी झालं असतं.

आता जाहिरातीचं. जाहिरात असतेच, नवीन अल्बम आला की बोलावणं येतं हे खरंय, मी नाकारत नाही. पण ज्याला नुसती जाहिरातच करायची असेल तो दोन गाणी गाऊन घरी जाऊ शकतो ना, ती सोय तिथे दर आठवड्याला आहेच. होस्ट व्हायचं म्हणजे अख्खा आठवडा द्यायचा. सोमवारी निर्माता लॉर्न मायकल्सच्या ऑफिसात सगळे लेखक जमतात आणि होस्टसमोर कल्पना टाकतात. मंगळवारी रात्रभर लिखाण, पहाटेपर्यंत दिवे चालू. बुधवारी टेबलाभोवती बसून वाचन, त्यात चाळीसेक स्किट वाचली जातात आणि होस्टला जवळजवळ प्रत्येकात काहीतरी वाचायचं असतं. मग त्यातली मोजकी निवडतात, सेट बांधायला घेतात, कपडे शिवायला घेतात. गुरुवारी गाण्याची तालीम, आणि जो डबल ड्युटी, म्हणजे होस्ट आणि गायक दोन्ही, करतो त्याची सुटका नाही, साथीदारांबरोबर आवाजाचं बॅलन्सिंग करून लगेच जाहिरातीचं शूटिंग आणि स्किटची तालीम. शनिवारी संध्याकाळी आठला वेगळ्या प्रेक्षकांसमोर पूर्ण रंगीत तालीम, ती कार्यक्रमापेक्षा लांब असते कारण जास्तीची स्किट ठेवलेली असतात, जे पडलं ते तिथेच कापतात. त्यानंतर तासा-दीड तासात नवीन क्रम लावतात, वाक्यं बदलतात, आणि साडेअकराला लाइव्ह. वाक्यं शेवटच्या मिनिटापर्यंत बदलत असतात म्हणून पाठांतराचा उपयोग नाही, मोठ्या पुठ्ठ्यांवर हाताने लिहिलेले क्यू कार्ड असतात, प्रत्येक पात्राचा रंग वेगळा, कॅमेऱ्याशेजारी माणसं ते धरून उभी असतात. एक वाजेपर्यंत हे चालतं.

आणि या सगळ्यात गळा! यावर कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. गाण्याने गळा जेवढा थकत नाही तेवढा बोलण्याने थकतो, त्यातही ओरडून, आवाज बदलून, म्हातारीचा, पोराचा, गुंडाचा आवाज काढून बोलण्याने. सब्रिना एका स्किटमध्ये केस लपवून शाळकरी पोरगा झाली होती, पोरांच्या पॉडकास्टमध्ये बसलेली, खांदे पाडून, नाकात बोलत, आणि त्याच रात्री तिने दोन गाणी म्हटली. मी मुलीला म्हटलं, अगं ही पाणी कधी पिते? विंगेत पळत जायचं, दोघी-तिघी मिळून कपडे उतरवतात आणि चढवतात, विग काढतात, आणि धाप लागलेली असताना स्टेजवर जाऊन शांत सुरात पहिला शब्द टाकायचा. आमच्या ऑर्केस्ट्रात मला फक्त साडीच्या पदराची पिन सांभाळायची असायची तरी पहिल्या ओळीला श्वास कमी पडायचा.

त्या स्टुडिओचीही एक गोष्ट तुमच्या वाचकांना आवडेल. रॉकफेलर सेंटरमधला हा स्टुडिओ, ८-एच नावाचा, मूळ रेडिओसाठी बांधलेला. १९३७ च्या नाताळच्या रात्री तिथे आर्तुरो तोस्कानिनी या मोठ्या वाद्यवृंद संचालकाने एनबीसी या प्रसारण कंपनीच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर आपला पहिला कार्यक्रम केला आणि पुढे अनेक वर्षं तिथे सिंफनी वाजत राहिली. ज्या जागेत तोस्कानिनी उभा राहिला तिथेच आज स्किट होतात, मला ही गोष्ट फार आवडली. आणि कार्यक्रम संपताना सगळे मिठ्या मारतात तेव्हा मागे जो सॅक्सोफोन अगदी वरच्या सुरात किंचाळल्यासारखा जातो ना, तो लेनी पिकेट, १९८५ पासून त्या बँडमध्ये आहे. लोक तेव्हा टीव्ही बंद करतात. करू नका, तो सूर ऐका.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त लिहायचंय ते. ७ मे १९८३ चा भाग, होस्ट आणि गायक स्टीव्ही वंडर. त्या काळात एडी मर्फी त्या कार्यक्रमात होता आणि तो स्टीव्ही वंडरची नक्कल करायचा, गाजलेली नक्कल. तर लेखकांनी काय केलं, खुद्द स्टीव्हीला एक असा माणूस केलं की ज्याला स्टीव्ही वंडरची नक्कल करून पोट भरायचंय पण ती काही केल्या जमत नाही. तो गातो, बेसूर गातो, आणि एडी मर्फी त्याला दाखवतो की अरे असं नाही, स्टीव्ही असा गातो, मान अशी हलवतो. परत स्टीव्ही प्रयत्न करतो, परत चुकतं. मी हे मुलीच्या लॅपटॉपवर चार वेळा बघितलं. चौथ्या वेळी हसायचं थांबले आणि फक्त कान देऊन ऐकलं. संपादकसाहेब, बेसूर गाणं फार अवघड असतं हो, म्हणजे ज्याच्या गळ्यात सूर पक्का बसलाय त्याच्यासाठी! गळा आपोआप सुराकडे ओढ घेतो, वर्षानुवर्षांच्या रियाजाने त्याला ती सवय लागलेली असते. तिथे सुराच्या नेमकं किती खाली राहायचं हे ठरवायचं, तिथेच टिकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला नुसता त्रास न होता हसू येईल. थोडं खाली गेलं तर लोकांना वाटेल आज तब्येत बरी नाही, जास्त खाली गेलं तर नुसता गोंगाट. तो मधला बिंदू स्टीव्हीने पकडलाय. त्याच रात्री कॅमेऱ्याच्या एका खोट्या जाहिरातीतही तो आहे, कॅमेरा इतका सोपा की कोणीही वापरेल, आणि फोटो काढतोय स्टीव्ही, ज्याची दृष्टी जन्मानंतर लगेचच गेली. ती जाहिरात करायला तो स्वतः तयार झाला म्हणूनच ती करता आली, दुसऱ्या कुणी त्याच्यावर असा विनोद केला असता तर मला तो सहन झाला नसता.

रे चार्ल्सचाही असाच एक भाग आहे, १२ नोव्हेंबर १९७७ चा. पन्नासच्या दशकात अमेरिकेत काळ्या गायकांची गाणी गोऱ्या गायकांकडून सौम्य करून म्हणवून घ्यायचे आणि रेडिओवर तीच जास्त वाजायची, फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्डची गाणी पॅट बूनने म्हटली तशी. या भागात रे चार्ल्ससमोर गोऱ्या पोरापोरींचा एक गट त्याचंच गाणं असं काही धुऊन, इस्त्री करून म्हणतो की त्यात मीठ-मसाला काही उरत नाही. हे स्किट नुसतं लिहून जमलं नसतं, त्यात बसलेला माणूस रे चार्ल्सच असायला हवा होता, कारण ज्याचं गाणं नेलं तोच तिथे बसून ऐकतोय.

नकलांचं तर विचारूच नका. ब्रुनो मार्सने ऑक्टोबर २०१२ मध्ये एक स्किट केलं, ऑनलाइन गाणी लावणाऱ्या कंपनीत वीज जाते आणि हा इंटर्न बिचारा एकेका गायकाचा आवाज काढून वेळ मारून नेतो, केटी पेरीपासून मायकल जॅक्सनपर्यंत. हा लहानपणी होनोलुलूत एल्व्हिसची नक्कल करायचा, तीच तयारी कामाला आली. आरियाना ग्रांदेने मार्च २०१६ मध्ये जवळपास तसंच केलं, ब्रिटनी, रिहाना, शकिरा, सेलिन डियॉन, व्हिटनी ह्यूस्टन, एकामागून एक. माझ्या मते आरियानाचं जास्त अवघड होतं, कारण तिने फक्त लकबी घेतल्या नाहीत, प्रत्येकीचा आवाज कुठून लागतो, छातीतून की डोक्यातून की नाकातून, ते बदललंय. माझ्या गाण्याच्या क्लासमध्ये आवाजाची फेक शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

आणि सगळ्यांना जमतं असंही नाही. फ्रँक झॅपा, केवढा मोठा संगीतकार, २१ ऑक्टोबर १९७८ ला होस्ट होता आणि गायला-वाजवला पण. पण स्किटमध्ये तो सगळ्यांना दाखवून देत होता की मी कार्ड वाचतोय, मला यातलं काही मान्य नाही. शेवटी सगळे निरोप घ्यायला आले तेव्हा बाकीचे कलाकार लांब उभे, जॉन बेलुशी तेवढा जवळ. झॅपा परत त्या स्टेजवर आला नाही. मला त्याचं संगीत आवडतं, पण साथीदाराचा ठेका न ऐकता आपलीच लय चालवली की मैफल मोडते, तेच तिथे झालं.

याच्या उलट जस्टिन टिंबरलेक. २००३ मध्ये पहिल्यांदा डबल ड्युटी केली, २००६ मध्ये अँडी सॅमबर्गबरोबर जे विनोदी गाणं केलं त्याला पुढच्या वर्षी संगीत आणि शब्दांसाठी एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं, मग २००९ आणि २०११ मध्ये या कार्यक्रमातल्या कामासाठी पाहुण्या अभिनेत्याचं एमी. अभिनयाचं, लक्षात घ्या. त्याचं स्किट बघताना मी मनात मात्रा मोजते. पंच नेहमी समेवर येतो, आणि कधी कधी मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा, जसं आपण ठुमरीत शब्द मागे ओढतो तसं. आणि टेलर स्विफ्ट, नोव्हेंबर २००९, वय १९, सुरुवातीचा मोनोलॉग, म्हणजे होस्टचं एकट्याचं विनोदी भाषण, तिने स्वतःच गाणं लिहून म्हटला, लेखकांना काही करावंच लागलं नाही. प्रियंकाचा नवरा म्हणून आपल्याकडे ज्याला ओळखतात त्या निक जोनासनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही कामं केली, पण आपल्याकडे त्यातली फक्त प्रियंकाची बातमी झाली.

बॅड बनीबद्दल मात्र लिहायलाच हवं. प्वेर्तो रिकोचा हा गायक, स्पॅनिशमध्येच गातो. २१ ऑक्टोबर २०२३ ला होस्टही होता आणि गायकही, आणि अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या इंग्रजी कार्यक्रमाच्या मोनोलॉगमध्ये सरळ स्पॅनिश बोलायला लागला. एका स्किटमध्ये पेड्रो पास्कल आई झाला आणि हा घरातली एक बाई, आणि दोघं भराभरा स्पॅनिशच बोलतायत. मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही, तरी मी हसले, कारण स्वर कळत होता, टोमणा कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते कळत होतं. आम्ही सीमेवर कन्नड गाणी म्हणायचो तेव्हा समोर निम्मे मराठी असायचे, ते पण अशीच मान डोलवायचे.

आता आपल्याकडे या. ज्या मातीत गायक आणि नट वेगळे नव्हतेच, बालगंधर्व पद म्हणायचे आणि त्याच श्वासात संवाद घ्यायचे, १९१६ चं 'संशयकल्लोळ' तर चक्क विनोदी आणि तरी संगीत नाटक, वगनाट्यातला सोंगाड्या गातो, नाचतो आणि सरपंचाची टोपी उडवतो, त्या मराठीत आज टीव्हीवर विनोदी कार्यक्रमात गायक आला की काय होतं? त्याला बाजूला सोफ्यावर बसवतात. कलाकार स्किट करतात, तो हसतो, कॅमेरा मधून मधून त्याचं हसू दाखवतो, मग "एक मुखडा होऊन जाऊ दे" म्हणतात, तो दोन ओळी म्हणतो, टाळ्या, संपलं. आपल्याकडे इतके गुणी गायक आहेत, त्यातले कितीतरी जण खासगीत काय नकला करतात, काय किस्से सांगतात, मी ग्रीनरूममध्ये ऐकलंय, पोट दुखेपर्यंत हसलेय. त्यांना आठवडाभर तालमीला बोलवा ना. टर्कीच्या पिसांत नाही तर घोंगडीत उभं करा. त्यांच्याच गाण्यावर स्किट लिहा आणि त्यांनाच त्यात घाला. गायकांनीही आपण हलके होऊ ही भीती सोडावी, स्टीव्ही वंडर हलका झाला नाही.

आणि तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा भाग झाला की पोशाख आणि अल्बमच्या बातमीऐवजी एखाद्या गाणाऱ्याला किंवा नाटकातल्या माणसाला लिहायला सांगा. कोणत्या स्किटनंतर कोणतं गाणं आलं, श्वास कसा होता, पॉज कुठे घेतला, हे वाचायला मला आवडेल, आणि माझ्यासारखे बरेच असतील.

परत आल्यावर मी माझ्या क्लासच्या मोठ्या मुलींना ते स्टीव्हीचं स्किट दाखवलं आणि त्यांना एक पाठ दिला, भूपातली साधी ओळ, पण गंधार मुद्दाम उतरलेला लावायचा आणि हसू येईल असं गायचं. पहिल्या आठवड्यात एकीलाही जमलं नाही. कुणाचा गळा आपसूक सुरात जायचा, कुणी सरळ कोमल गंधारावरच जाऊन बसायची, मग तो वेगळाच राग व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात आमच्यातली सगळ्यात गप्प मुलगी, जी कधी डोळे वर करून गात नाही, तिने तो गंधार बरोब्बर हवा तेवढा खाली लावला, चार मात्रा तिथेच धरून ठेवला, चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, आणि मग सावकाश षड्जावर आली. अख्खा क्लास हसून लोळला, पेटीवर माझे हात थांबले, आणि ती पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "बाई, परत एकदा करू?"

आपली,
एक गायिका आणि निवेदिका, मिरज